परंतु

ठाण्याच्या कोर्टात एकतीस वर्षं मी भाषांतरकार होते,
म्हणून सोसायटीत ठरलं:
हृदयाच्या मशीनचे नियम माठेबाईंनी लिहावेत.

मशीन जेवणाच्या डब्याएवढं, लॉबीत,
सूचनाफलकाशेजारी, काचेच्या कपाटात.
सभा तीन तास चालली.
चोरीला गेलं तर? माणूस मेलाच तर?
पोलीस कोणाला बोलावतील, सेक्रेटरीला की बटण दाबणाऱ्याला?
बी विंगचे टिपणीस म्हणाले, मेलेल्यापेक्षा
अर्धवट वाचलेला जास्त खटले करतो.
हशा झाला. मी तो इतिवृत्तात घेतला नाही.

मी लिहिलं:
एक. यंत्र प्रशिक्षित सभासदानेच हाताळावे.
दोन. वापर सभासद व कुटुंबीय यांच्यापुरता.
तीन. वापरापूर्वी रुग्णाची संमती घ्यावी,
परंतु

इथे पेन थांबलं.
कायद्यात परंतुच्या पुढे एक खिडकी असते,
दारातून न मावणारा माणूस तिथून आत येतो.
मला तो माणूस दिसेना. लोक खुर्च्या घडी करू लागले होते.
मी परंतु खोडला, पूर्णविराम दिला.
किल्ली खजिनदारांकडे.

मार्चमधला मंगळवार. घोडबंदर रोडला नळ कोरडे.
सव्वासहाला पडघ्याचा मुनाफ टँकर घेऊन आला,
पाईप टाकीला लावला, कॉक फिरवला
आणि कॉकपाशीच कोसळला.

काच फुटली ती मी पाचव्या मजल्यावर ऐकली.
येऊरची लक्षी घाटाळ, झाडू-पोछ्याला येते ती,
पोछ्याच्या दांड्याने.
खजिनदार तेव्हा नाशिकला, लग्नाला.

मी खाली पोचले तोवर
तिने त्याला पाण्यातून ओढून कोरड्या लादीवर घेतलं होतं,
पेटीतल्या कात्रीने शर्ट उभा कापला होता,
ओढणीने छाती पुसून
चित्रात होत्या तशा दोन पट्ट्या चिकटवल्या होत्या,
एक उजव्या खांद्याखाली, एक डाव्या कुशीला.
मशीन इंग्रजी बोलत होतं.
तिने मान वर केली: बाई, काय म्हणतंय?

जबान्या, मृत्युपत्रं, तीनशे पानी दावे केलेली मी,
माझं सगळ्यात छोटं भाषांतर:
हात काढ.

तिने हात काढला. तो एकदा उसळला.
मग मशीन टिकटिकू लागलं आणि त्या ठेक्यावर
ती त्याची छाती दाबत राहिली, नाचणी कांडावी तशी,
अँब्युलन्स येईपर्यंत.
कॉक कोणीच बंद केला नाही. अर्धा टँकर गटारात गेला.

तोही विषय निघाला, पुढच्या सभेत.
काचेचे तेवीसशे लक्षीच्या पगारातून कापावेत का?
ती प्रशिक्षित नाही. तो सभासद नाही. संमती नाही.
तीन नियम, तीन भंग, टिपणीसांनी बोटं मोडून दाखवली.
मी उभी राहिले. म्हटलं, ज्याला बोलता येत नाही,
ज्याच्या वतीने बोलणारं जवळ कोणी नाही,
त्याच्या भल्यासाठी, सद्भावनेने, कोणी हात घातला
तर कायदा तो हात धरत नाही.
सद्भावनेने. किती वेळा टाईप केला होता हा शब्द,
कोर्ट नाक्याच्या त्या पंख्याखाली,
आणि कधी वाटलं नव्हतं
की त्याला फिनाईलचा वास असेल.

काच सोसायटीने भरली. किल्ली रद्द झाली.

मे महिन्यात मुनाफ आला, पुतण्याच्या स्कूटरवर मागे बसून.
वाळला होता. लॉबीत कपाटापुढे बराच वेळ उभा राहिला.
मग विचारलं, माझा शर्ट कोणी कापला?
ईदचा होता.

लक्षी लादी पुसत होती. म्हणाली, मी.
आधी विचारायचं असं यांनी लिहून ठेवलं होतं.
विचारलं मी.
तुम्ही बोलला नाहीत.